गॅस बंद केल्यानंतरचं बघा: पुण्यात डब्याचं स्वयंपाकघर सुरू करणाऱ्यांसाठी

राजमा रात्री साडेदहाला शिजला. पंधरा लिटरचं पातेलं, वर परात झाकलेली, ओट्याच्या कोपऱ्यात सरकवून मी झोपायला गेले. पहाटे पाचला उठून, नवीनच आणलेला थर्मामीटर कुठे तरी वापरायचा म्हणून पातेल्यात मधोमध खुपसला. ४६ अंश. साडेसहा तास उलटले तरी आतून कोमटपेक्षा जास्तच गरम. मावशी आल्या, पळीभर तळहातावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, "ताई, काय झालंय त्याला? उलट चांगला मुरलाय."

मुरला होता, हे खरंच. वासही झकास होता. पण राजमा, छोले, मटणाचा रस्सा अशा घट्ट, खोल पातेल्यात हळूहळू निवणाऱ्या पदार्थांत वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा एक जिवाणू आहे. त्याला सगळ्यात जास्त मानवतं ते ४३ ते ४७ अंश तापमान. तिथे त्याची संख्या दहा मिनिटांच्या आत दुप्पट होते. मी रात्रभर त्याच्यासाठी अंथरूण घालून ठेवलं होतं. तो राजमा त्या क्षणी बाधलाच असता असं मी म्हणत नाही. पण दुपारी एकला सत्तर डबे उघडले जाईपर्यंत काय झालं असतं, ते मला सांगता येत नव्हतं, आणि न सांगता येणारी गोष्ट विकायची नाही एवढं ठरवलं होतं. पातेलं ओतून दिलं. मुलांच्या डब्यात पिठलं गेलं, आणि "ताई, आज राजमा होता ना?" हे पुढे दोन दिवस ऐकलं.

नारायण पेठेत मी सत्तर-ऐंशी डबे करते. गिऱ्हाईक बहुतेक स्पर्धा परीक्षांची मुलं. नव्याने डबे सुरू करणारे कुणी ना कुणी विचारायला येतात, तेव्हा प्रश्न असतात गॅस सिलेंडरचे, डबा पोचवणाऱ्या पोराच्या पगाराचे, चपात्यांच्या मावशी कुठे मिळतील याचे. जंतूंचं कुणी विचारत नाही. 'आमच्याकडे स्वच्छता असते' म्हटलं की तो विषय मिटतो. वास्तविक स्वच्छ घरातही धोका शिल्लक असतो, आणि तो बहुतेक वेळा शिजवण्यात नसतो. गॅस बंद केल्यापासून डबा उघडेपर्यंतच्या तासांत असतो.

पहिलं काम: कोण कसा त्रास देतो ते समजून घ्या

मायक्रोबायॉलॉजीचं पुस्तक घेऊन बसायची गरज नाही. डब्याच्या धंद्यात चार-पाच जण ओळखता आले तरी पुरे.

सुरुवात भातापासून करू, कारण तो रोज असतो आणि त्याचा संशय कुणालाच येत नाही. तांदळावर बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूने संकटकाळासाठी घातलेलं चिलखत. भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते उमलतात, वाढतात, आणि वाढताना भातात एक विष सोडतात. ते विष १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं. आपल्या कुकरमधलं तापमानच मुळी १२० च्या आसपास असतं. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी द्या, जंतू मरतील, विष राहील. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. फोडणीच्या भातावर माझाही जीव आहे, त्यामुळे हे लिहिताना वाईट वाटतं. घरी रात्रीचा भात जेवण झाल्याबरोबर उथळ डब्यात फ्रिजमध्ये टाकला तर फोडणीचा भात खुशाल करा. डब्यात मात्र उरलेल्या भाताचं काहीही पाठवायचं नाही, हा माझा नियम.

दुसरा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा आपल्याच नाकात, कातडीवर, गळूत, बोटाच्या चिरेत राहतो. हाताने कुस्करलेलं पनीर, वळलेले पेढे, शिजवून सोलून हाताने मोडलेला बटाटा, खवा ही त्याची ठिकाणं. मीठ-साखर जास्त असली तरी याचं फारसं अडत नाही. याचंही विष उकळून जात नाही.

तिसरा तो राजम्यातला. चौथा साल्मोनेला, अंडी आणि कोंबडीबरोबर येणारा. हा ७० अंशांना मरतो, त्यामुळे शिजवलेल्या पदार्थात तो सापडला तर बहुधा कच्च्या कोंबडीची सुरी किंवा पाट कोशिंबिरीला वापरलेला असतो. आणि मग विषाणू: नोरोव्हायरस, कावीळ अ. हे अन्नात वाढत नाहीत, फक्त त्यावर बसून प्रवास करतात. आजारी माणसाच्या हातावरून किंवा घाण पाण्यातून येतात आणि फार थोडे पोटात गेले तरी पुरतात.

यातून कामाची विभागणी कळते. काही जंतू उष्णतेने मरतात, तिथे नीट शिजवणं हा उपाय. काही आधीच विष करून ठेवतात, तिथे परत गरम करून काही साधत नाही, त्यांना वाढायला वेळच द्यायचा नाही. काही फक्त हाताने येतात, तिथे हात धुणं आणि आजारी माणसाला रजा. तिन्हींना एकच उपाय लावायला गेलं की अंगाशी येतं.

दुसरं काम: एका पदार्थाचा प्रवास कागदावर काढा

वहीचं एक पान घ्या. एकच पदार्थ निवडा. मी पहिल्यांदा फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा निवडला होता. मार्केट यार्डातून भाजी किती वाजता आली, कुठे ठेवली, कधी धुतली, कोणत्या पाण्याने, कुणी चिरली, वाटण कधी केलं, किती वाजता शिजला, किती वाजता उतरला, डबा कधी भरला, पोरगा सायकल घेऊन कधी निघाला, अभ्यासिकेच्या बाहेरच्या रॅकवर डबा किती वेळ पडून होता, आणि मुलाने तो प्रत्यक्षात कधी उघडला. अंदाजाने लिहू नका. एक दिवस घड्याळ हातात धरून लिहा.

माझ्या पानावर तीन गोष्टी निघाल्या. ओल्या खोबऱ्याचं वाटण आदल्या संध्याकाळी करून मिक्सरच्या भांड्यातच ओट्यावर राहत होतं. रस्सा दहाला उतरायचा आणि डबे साडेअकराला भरले जायचे, कारण मध्ये चपात्या चालायच्या. आणि तिसरी गोष्ट मला कधीच कळली नसती, जर मी स्वतः जाऊन उभी राहिले नसते: मुलं एकला जेवतात हा माझा समज होता. त्यातली निम्मी दोन-अडीचला जेवत होती. दोघे जण अर्धा डबा रात्रीसाठी ठेवत होते. म्हणजे दहाला उतरलेली भाजी रात्री आठला पोटात जात होती, दहा तासांनी, मे महिन्यात.

खाणारा कोण, हेही त्याच पानावर लिहा. तरुण मुलगा एक दिवस उलट्या होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा अभ्यासाला बसतो. तोच डबा सत्तरीच्या आजोबांकडे, गरोदर बाईकडे किंवा केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटकडे जात असेल तर हिशेब वेगळा होतो. अशा ठिकाणी मी कच्चं काहीही देत नाही.

तिसरं काम: मार्क द्या

प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न. बिघडण्याची शक्यता किती, १ ते ३. बिघडला तर त्रास किती, १ ते ३. दोन्हींचा गुणाकार करा. एवढंच. मोठ्या कंपन्यांत याचे लांबलचक तक्ते असतात, पण गाभा हाच.

चपाती, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं: एक, फार तर दोन. कोरडं, खारट किंवा आंबट असलं की जंतूंना वाढता येत नाही. आपल्या आज्यांनी प्रवासाला दशम्या आणि चटणी बांधून दिली, ते काही उगाच नाही. सुकी भाजी दोन. रस्सा आणि आमटी चार. भात, पनीर, ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलेलं काहीही: सहा. ताजं दही आंबट असतं म्हणून त्याला कमी मार्क, पण दहीभात म्हटलं की आत भात आहे हे विसरायचं नाही. सोलकढी कोकमामुळे आंबट असली तरी नारळाचं दूध आहे, आणि ती कधीच उकळत नाही. माझ्याकडे सोलकढी फक्त बसून जेवणाऱ्यांना.

नऊ मार्क एकाच पदार्थाला मिळाले, कच्च्या मोड आलेल्या मटकीच्या कोशिंबिरीला. पौष्टिक म्हणून मुलांना ती फार आवडायची. पण विचार करा, मोड आणताना आपण काय करतो? कडधान्य भिजवतो, फडक्यात बांधतो, उबेला एक-दोन दिवस ठेवतो. बीला जे हवं तेच जंतूलाही हवं. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय या जिवाणूचा एक घातक प्रकार पसरला, जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त दगावले. तिथली स्वयंपाकघरं काही अस्वच्छ नव्हती, दोष बियांमध्येच आला होता. मटकी मी बंद केली नाही, उसळ करून पाठवते. शिजवली की नवाचे दोन झाले. मार्क देण्याचा उपयोग हाच. पदार्थ रद्द करण्याआधी कोणत्या पायरीवर तो सुधारतो हे दिसतं.

चौथं काम: थर्मामीटर घ्या, आणि तो पुण्यात तपासा

काटा असलेला, पातेल्यात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. महाग नसतो. ताप बघायचा चालत नाही, आणि दुरून लाल ठिपका टाकणारा फक्त वरच्या थराचं तापमान सांगतो, तोही इथे कामाचा नाही.

आणल्या आणल्या तपासा. ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, काटा मधोमध धरा: शून्य दाखवायला हवा. मग उकळतं पाणी. इथे पुष्कळ जण घाबरतात, कारण आकडा ९८ च्या आसपास थांबतो. थर्मामीटर बरोबर आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी १०० ला नाही, ९८ लाच उकळतं. एका ओळखीच्या बाईंनी यावरून दुकानदाराशी भांडून दोन थर्मामीटर बदलून आणले होते.

आता आकडे. हे ओट्यासमोर फरशीवर चिकटवा: ५ आणि ६०. या दोघांच्या मधलं तापमान जंतूंचं. गरम ते ६० च्या वर, गार ते ५ च्या खाली. शिजवताना पदार्थाच्या पोटात किमान ७०, परत गरम करताना ७५, आणि तेही एकदाच. अनुकूल तापमानात पुष्कळ जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. शंभर जिवाणूंपासून सुरुवात केली तर दोन तासांनी ६,४००, चार तासांनी ४ लाख ९ हजार. म्हणून साधा हिशेब असा: मधल्या तापमानात दोन तासांच्या आत असलेलं अन्न फ्रिजमध्ये जाऊ शकतं, दोन ते चार तास झालेलं खाऊन संपवा, चार तासांवर गेलेलं टाकून द्या. आणि हे तास जोडले जातात. ओट्यावर एक तास, सायकलवर अर्धा, रॅकवर दीड, असे सगळे मिळून.

गार करणं हा खरा कठीण भाग आहे आणि नवे लोक इथेच चुकतात. 'गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये' हे आपण लहानपणापासून ऐकतो. पंधरा लिटरचं उकळतं पातेलं तसंच आत ढकललं तर फ्रिज तापतो हे बरोबर आहे, पण त्यावरून 'पूर्ण निवेपर्यंत बाहेर ठेवा' असा अर्थ काढला जातो आणि माझ्या राजम्यासारखी गत होते. लक्ष्य असं ठेवा: ६० वरून २१ पर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. पातेल्यात ठेवून हे कधीच जमत नाही. परातीत किंवा पसरट ट्रेमध्ये दोन-तीन बोटं जाडीचा थर करा, ती परात पाणी आणि बर्फ घातलेल्या घमेल्यात ठेवा, मधून मधून डावाने हलवा. पंखा लावा, वर जाळी घाला. मी हे घड्याळ लावून केलं तेव्हा तोच राजमा पन्नास मिनिटांत २४ वर आला. पण खरं सांगायचं तर आता मी राजमा आदल्या रात्री शिजवतच नाही. रात्री फक्त भिजत घालते आणि पहाटे कुकर लावते. गार करायची पायरीच गळून गेली. लहान स्वयंपाकघरात हेच सगळ्यात शहाणपणाचं.

फ्रिजच्या आत एक वेगळा, साधा थर्मामीटर कायमचा ठेवा. घरगुती फ्रिज खच्चून भरला आणि दार सारखं उघडलं की ८-१० अंशांवर सहज जातो.

पाणी

यावर पुण्यात वेगळं सांगायला नको खरं तर. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया बारे म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाब करणारा जिवाणू. जुलाब थांबल्यावर काही थोड्या जणांत शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात. त्या दोन महिन्यांत माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने पाण्याचं विचारलं. नंतर कुणीच विचारलं नाही, आणि खरं तर विचारायला तेव्हा हवं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे तपासायचा छोटा संच मिळतो. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळट रंग आला तर क्लोरीन आहे. सोबतच्या पट्टीशी रंग जुळवून लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम दिसायला हवं. मी दर सोमवारी बघते. शिवाय, गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहिलं की शुक्रवारी सकाळी कमी दाबाने पाणी येतं. रिकाम्या झालेल्या वाहिनीत गळतीच्या ठिकाणाहून बाहेरचं पाणी ओढलं जाऊ शकतं. म्हणून त्या दिवशी पहिलं पाणी फरशी-मोरीला, आणि स्वयंपाकात कच्च्या वापराचं सगळं उकळून.

आरओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आरओ क्लोरीनही काढून टाकतो. ते पाणी स्टीलच्या पिंपात साठवलं आणि कुणी पेला बुडवून घेतला की त्याला काहीच राखण उरत नाही. पिंपाला तोटी लावा. इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, ते सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. उत्तर द्यायला ते जितका वेळ घेतील त्यावरून उत्तर कळतं.

कच्च्या खायच्या भाज्यांसाठी: आधी माती जाईपर्यंत धुवा, मग पाच टक्क्यांचं, वास-रंग नसलेलं, अन्नासाठी चालणारं सोडियम हायपोक्लोराइट एक लिटरला एक मिलिलिटर, पाच मिनिटं, मग पिण्याच्या पाण्याने खळबळून घ्या. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने अळ्या वर येतात, जंतूंचं विशेष काही बिघडत नाही.

हात, मसोतं आणि रजा

हात वीस सेकंद साबणाने. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुढे जाते. हातमोज्यांबद्दल मात्र एक: मोजे घातलेला हात फोनही उचलतो, कचऱ्याचं झाकणही, आणि माणसाला वाटतं आपण स्वच्छ आहोत. मला मोज्यांपेक्षा वारंवार धुतलेला हात बरा वाटतो.

स्वयंपाकघरातली सगळ्यात घाण वस्तू बहुतेक वेळा ओट्यावरचं ओलं मसोतं असते. त्याच मसोत्याने ओटा, मग पातेल्याचा काठ, मग डब्याचं झाकण. आमच्याकडे रोज बारा फडकी निघतात, दोन रंगांची, संध्याकाळी एकत्र उकळून दोरीवर. कच्च्या मांसाहाराचा पाट आणि सुरी वेगळी, तीही डोळ्याला वेगळी दिसेल अशी. आमची लाल मुठीची आहे.

आणि आता जे कुणी लिहीत नाही ते. मावशींना जुलाब होत असतील तर त्यांनी कामावर यायचं नाही, आणि थांबल्यावरही दोन दिवस यायचं नाही, हा नियम सगळे लावतात. पण त्या तीन दिवसांचे पैसे कापले तर मावशी सांगणारच नाहीत. कशाला सांगतील? न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः धडधाकट होती, तरी तिच्या पोटातल्या टायफॉइडच्या जंतूंमुळे ती जिथे काम करी तिथली घरं आजारी पडत. १९०७ मध्ये ती सापडली, तिला डांबून ठेवलं, स्वयंपाक करायचा नाही या अटीवर सोडलं, आणि ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकालाच लागली, कारण धुण्याच्या कामात पैसे कमी मिळत. तिला सगळे दोष देतात. मला वाटतं, पोटाची सोय न करता घातलेला नियम असाच मोडतो. आजारपणाची रजा पगारी द्या. सरासरी काढली तर महिन्याला फार तर एका मावशीचा दिवसाचा रोज जातो, आणि ती माहिती तुमच्यापर्यंत पोचते. जखमेचंही तसंच: पट्टी आणि त्यावर मोजा, आणि त्या दिवशी मळणं-वळणं दुसऱ्याकडे. कामावर असलेल्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस हे नियमातही आहे, करून घ्या.

वही, आणि आधीच ठरवलेली शिक्षा

१९६० च्या दशकात अंतराळवीरांना पोटाचा त्रास झाला तर काय, या चिंतेतून पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने एक पद्धत बसवली. तिला हॅसॅप म्हणतात. तयार झालेलं अन्न तपासत बसण्यापेक्षा, बनवताना जिथे चूक महाग पडते त्या मोजक्या जागा पकडायच्या आणि तिथेच पहारा ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. ती किती बरोबर आहे हे साध्या गणिताने कळतं. समजा शंभर डब्यांतला एक दूषित आहे. दहा डबे प्रयोगशाळेत पाठवले तरी तो हाती न लागण्याची शक्यता ९० टक्के. पैसे गेले, समाधान खोटं.

माझ्या पहाऱ्याच्या जागा तीनच: शिजल्यावरचं तापमान, डबा भरतानाचं तापमान, भरल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ. वहीत रोज तीन आकडे आणि सही. डबा भरताना ६० च्या खाली असेल तर भाजी परत ७५ पर्यंत नेऊन मगच भरायची. डब्याच्या झाकणावर 'दोनच्या आत खा' अशी चिठ्ठी, खाली भरल्याची वेळ. आणि आकडा चुकला तर काय करायचं हे आधी लिहून ठेवलेलं असतं, कारण सकाळी अकराला, पोरं दारात उभी असताना, माणूस स्वतःशी खोटं बोलतो. 'आजच्या दिवस चालेल' हे वाक्य मी स्वतः पुष्कळदा म्हटलंय.

वही भरायचा कंटाळा येतो, आणि दुसऱ्या आठवड्यात सगळीकडे सरळ ७२, ७२, ७२ दिसू लागतं. तसं दिसलं की समजा, थर्मामीटर खोक्यातच आहे.

कागदपत्रं थोडक्यात

घरातून डबे विकत असाल तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. लहान धंद्याला नोंदणी, मोठ्याला परवाना, अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावर. मिळालेला १४ आकडी क्रमांक दिसेल असा लावायचा. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन बघतं. नोंदणी-परवान्याच्या २०११ च्या नियमावलीतलं चौथं परिशिष्ट शांतपणे वाचा. स्वच्छतेचं बहुतेक सगळं त्यात आहे, आणि तपासायला येणारा माणूस तेच वाचून आलेला असतो.

तक्रारीचा फोन आला तर

कधी तरी येतोच. "ताई, रात्रीपासून उलट्या चालू आहेत." लगेच "आमच्याकडचं नसेल हो" म्हणू नका, आणि लगेच कबूलही करू नका. आधी तब्येत विचारा. ओआरएस घेतोय का, रक्त पडतंय का, ताप आहे का, दवाखान्यात कोण नेतंय. मग वेळ विचारा: काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, सोबतच्या कुणाला झालाय का. वेळेवरून पुष्कळ उलगडतं. एक ते सहा तासांत जोरदार उलट्या झाल्या तर भातातलं किंवा हातावरून आलेल्या स्टॅफिलोकोकसचं विष. आठ-बारा तासांनी पोटात कळा आणि जुलाब झाले तर खोल पातेल्यातला पदार्थ. एक-दोन दिवसांनी तापासकट असेल तर साल्मोनेलासारखं काही, आणि मग केवळ शेवटच्या जेवणाला दोष देऊन भागत नाही, मागच्या दोन-तीन दिवसांचं विचारावं लागतं. माणूस नेहमी शेवटच्या जेवणावर आळ घेतो. कावीळ तर खाल्ल्यानंतर साधारण महिन्याने उगवते. दोघांपेक्षा जास्त फोन आले तर उरलेल्या सगळ्यांना स्वतःहून फोन करा, उरलेलं खाऊ नका म्हणून सांगा, आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. लपवलेलं पेठेत दोन तासांत फिरतं.

यासाठी रोजच्या प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना, उकळलेल्या चमच्याने, उकळलेल्या झाकणाच्या डबीत, तारीख घालून फ्रिजमध्ये ७२ तास ठेवायचा. डब्या वेगळ्या कप्प्यात, वर 'खाऊ नये' असं लिहिलेल्या. आमच्याकडे ते मोठ्या लाल अक्षरांत आहे, कारण पहिल्या आठवड्यात पोचवायला येणाऱ्या पोराने बुधवारची बासुंदी फस्त केली होती.